भाऊजींचं भोकाचं नाणं

माझ्या ताईला नवी वस्तू दाखवू नये, हा आमच्या घरातला अलिखित नियम आहे. दाखवली की ती आधी तळहातावर घेऊन जोखणार, मग कडेवरून नख फिरवणार, मग उजेडाकडं धरून एक डोळा बारीक करणार, आणि त्यानंतर जे बोलणार ते ऐकून तुमचं त्या वस्तूवरून मनच उडणार. माझ्या लग्नात सासऱ्यांनी मला मनगटी घड्याळ दिलं. ताईनं ते कानाला लावलं आणि भर पाहुण्यांत म्हणाली, "हे मागं पडणार." पडलं. सासरे जिवंत होते तोवर भेटले की मला मुद्दाम वेळ विचारायचे.

तिला दोष देऊन उपयोग नाही. नळाच्या कारखान्यात ती एकतीस वर्षं तपासनीस होती. समोरच्या पट्ट्यावरून पितळी नळ, चाव्या, वायसर येत राहायचे आणि ताई हातात लाल खडू घेऊन बसलेली. खोट दिसली की फुली. खोट नसली की काहीच नाही, ती वस्तू मुकाट्यानं पुढं जायची. म्हणजे शाबासकी नावाचा प्रकार तिच्या नोकरीतच नव्हता, आणि नोकरी संपल्यावर तो नव्यानं शिकायची तिला गरज वाटली नाही. एकदा मालकाच्या मुलानं स्वतः घडवलेला नळ गंमत म्हणून पट्ट्यावर सोडला. ताईनं फुली मारली. "अहो, हा माझा आहे," तो म्हणाला. ताई म्हणाली, "म्हणून एकच मारली."

तो खडू आजही तिच्या पर्समध्ये असतो, चष्म्याच्या जुन्या डबीत. संपला की ती नवा आणते.

ती निवृत्त झाली, त्याच सुमारास भाऊजी गेले, आणि घरात बसून भिंती काय बघायच्या म्हणून ताई माझ्या दुकानात येऊन बसायला लागली. माझं फ्रेमचं दुकान आहे. बंदराकडं उतरणाऱ्या रस्त्यावर खाली दुकान, वर घर. पुढं लाकडी काउंटर, मागं करवत, भिंतीला टेकवलेल्या पट्ट्या, काचेचे ताव आणि जिथं तिथं भुसा. लोकांचे फोटो, पदव्या, पोरांची चित्रं, काय म्हणाल ते मी चौकटीत बसवतो. काम वाईट नाही माझं, उगाच खोटं कशाला बोलू. फक्त एक खोड आहे. कोपरे.

काचेचा मधला भाग मी अगदी लख्ख पुसतो. पण फडकं कोपऱ्यात घालायचं म्हटलं की माझ्या जिवावर येतं, आणि हे आजचं नाही. लहानपणी घर झाडायची पाळी माझी असली की मी मधलं झाडून हात झटकायचो, आणि ताई मागून येऊन चारी कोपऱ्यांतला कचरा माझ्या पायाशी आणून टाकायची. "मधलं काय, वारासुद्धा झाडतो," म्हणायची. "माणूस कळतो तो कोपऱ्यात." आता मी साठीला आलो तरी तेच चाललंय. फ्रेम तयार झाली की ती बोट ओलं करून कोपऱ्यात फिरवते, बोटाला भुसा लागतो, आणि फ्रेमच्या पाठीवर लाल फुली पडते. मग मी चिडतो. "गिऱ्हाईक काय कोपरे बघायला येतंय का?" म्हणतो, आणि फ्रेम तशीच देऊन टाकतो. आमच्या गावात अशा शे-दोनशे फ्रेमा भिंतींवर लटकताहेत. फुली भिंतीकडं असते म्हणून बरं.

हे झालं फ्रेमचं. पण ताईचं खरं कसब दिसायचं ते चिनी नाण्यांवर.

आमचं गाव बंदराचं. घरटी एक तरी माणूस बोटीवर नोकरी केलेला, आणि त्यातल्या निम्म्यांनी कुठून ना कुठून ही नाणी आणलेली. तुम्ही पाहिली असतील. तांब्याची, गोल, मधोमध चौकोनी भोक आणि भोकाभोवती चार अक्षरं. लोक ती मखमलीवर बसवून घेतात आणि बैठकीत लावतात. कुणी पाचशे वर्षांपूर्वीची म्हणतो, कुणी हजार. मी माप घेतो, पट्टी दाखवतो, पावती फाडणार तेवढ्यात काउंटरच्या टोकाकडून ताईचा हात पुढं येतो.

"बघू."

झालं! मी करवत हातात घेतो आणि मागं जातो. मला ते बघवत नाही.

एकदा दातांचे डॉक्टर आले. निळ्या मखमलीच्या डबीत बारा नाणी, सगळी हिरव्यागार गंजानं माखलेली. डॉक्टरांचा चेहरा असा फुललेला की विचारू नका. ताईनं एकेक नाणं काउंटरवर बोटभर उंचीवरून टाकलं. टण्ण, टण्ण, टण्ण. "फार बडबड करताहेत," ताई म्हणाली. "शेकडो वर्षं मातीत पडलेलं नाणं ठक् करतं आणि गप्प बसतं."

"तुमच्यापेक्षा वेगळं," वरून जिन्यात उभी असलेली आमची ही मला म्हणाली. तिला अशा वेळी नेमकं खाली यायचं असतं.

"नुसत्या आवाजावर जाऊ नये म्हणा," ताई पुढं म्हणाली. "आयुष्यभर कुणाच्या पेटीत कोरडं राहिलेलं असलं तर म्हातारं नाणंही खणखणीत वाजतं." मग तिनं पर्समधून एक अस्सल नाणं काढून त्यावर डॉक्टरांची नाणी ठेवून बघितली. एक सोडून सगळी केसभर लहान. खऱ्या नाण्याचा साचा घेऊन त्यात धातू ओतला, की निवताना तो आकसतो, म्हणून नक्कल नेहमी मूळच्यापेक्षा बारीक निघते. मग आमच्या हीनं वरून कढत पाण्याचं भांडं आणलं, ताईनं त्यात साबणाचा चुरा टाकला आणि नाणी सोडली. दहा मिनिटांत पाणी हिरवं झालं आणि नाणी तांबूस, कोरी करकरीत निघाली, एक तेवढं हिरवंच राहिलं.

"हा गंज नाही, रंग आहे," ताई म्हणाली. "खोटं."

बारापैकी अकरा गेली. डॉक्टर इतके एवढेसे झाले की मलाच वाईट वाटलं. ताईलाही वाटलं असावं, कारण ती म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही बसवलेली माझी कवळी बघा. खोटीच आहे, पण काय सुरेख बसलीय! खोट्याला माझी हरकत नाही. फक्त खोटं म्हणून सांगावं." डॉक्टर हसले, आणि उरलेल्या एका नाण्याची फ्रेम करून घेतली. अकरा नाण्यांची मखमल माझी बुडाली ती बुडालीच.

आता या सगळ्यात मी करवत चालवत होतो हे लक्षात ठेवा. मला अर्धं ऐकू येत होतं आणि अर्ध्याकडं माझं लक्ष नव्हतं. पुढं जे रामायण झालं ते त्यातून.

ताईला हा नाद लागला तो भाऊजींमुळं, आणि इथं मला माझंच तोंड काळं करून घ्यावं लागणार आहे.

भाऊजी मालवाहू बोटीवर आचारी होते. नऊ महिने पाण्यावर, तीन महिने घरी, आणि ते तीन महिने अखंड गप्पा. एका बंदरात म्हणे मांजरं माणसांच्या रांगेत उभी राहून मासे घेतात. एकीकडं म्हणे इतकं थंड, की फोडणी घातल्यावर तिचा आवाज थोड्या वेळानं येतो. आम्ही पोट धरून हसायचो. माणूस लाख होता. अशाच एका सुट्टीत जेवणं झाल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून हे नाणं. थंडीच्या दिवसांत एका चिनी बंदराच्या धक्क्यावर एक म्हातारा शिडं शिवत बसला होता, पायात काही नाही. भाऊजींनी आपले नवेकोरे बूट काढून त्याला दिले. म्हाताऱ्यानं किल्ल्यांच्या दोरीतून हे नाणं सोडवून त्यांच्या हातात ठेवलं. बोटीवरच्या एका शिकलेल्या खलाशानं अक्षरं वाचून सांगितलं, नऊशे वर्षांपूर्वीचं, सोंग घराण्याच्या काळातलं.

"सोंग तर तुमचंच दिसतंय, भाऊजी!" मी म्हणालो. "नवे बूट देऊन वायसर आणलात!"

काय हशा पिकला! त्या दिवसापासून मी त्यांना थापाडे भाऊजी म्हणायला लागलो, मग घरातले म्हणायला लागले, मग गल्ली. भाऊजीही हसले. पण नाणं त्यांनी रुमालात गुंडाळून परत खिशात ठेवलं आणि आमच्या घरात पुन्हा कधी बाहेर काढलं नाही. गप्पा मारायचे, मांजरांच्या, थंडीच्या, पण नाण्याचं नाव नाही. ते माझ्या लक्षात आलं नाही. ताईच्या आलं.

दुसऱ्या दिवशी ती नाणं कारखान्यात घेऊन गेली आणि जेवणाच्या सुट्टीत भिंगाखाली धरलं. कडेवर बारीक ओरखडे होते, सगळे एकाच दिशेला तिरके. ताईला ते ओरखडे ओळखायला पुस्तक लागलं नाही. त्यांच्याकडं वायसर असेच सळीवर ओवून, दाबून, एकदम पन्नासांच्या कडा कानशीनं घासायचे. सळी गोल असली तर वायसर फिरतात आणि घासले जात नाहीत, म्हणून सळी चौकोनी आणि भोकही चौकोनी. "हे भोक शोभेचं नाही रे," ती मला सांगायला आली होती. "घासताना नाणं फिरू नये म्हणून आहे. नऊशे वर्षांपूर्वी कुणी तरी बसून माझंच काम करत होतं." डोळे नुसते चमकत होते तिचे. मग तिनं वाचनालयातून जाडं पुस्तक आणलं, गावातली नाणी बघायला सुरुवात केली, आणि वर्षभरानं मला येऊन म्हणाली, "ह्यांचं नाणं खरं आहे. मी सगळ्या परीक्षा घेतल्या."

आणि मी काय म्हणालो? "तू त्यांची बायको. तुझा दाखला कोण मानणार?"

माझ्या जिभेला काही हाड? भाऊजी गेले तेव्हाही भेटायला आलेली माणसं म्हणत होती, थापाड्या होता, पण मनाचा राजा. ताई पाणी द्यायला उठली ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तर गेल्या साली गावच्या संग्रहालयानं एक नवं दालन काढलं. बोटीवरच्या माणसांनी परदेशातून आणलेल्या वस्तू. ज्यांच्याकडं असतील त्यांनी द्याव्यात, संग्रहालयाच्या तज्ज्ञ बाई आधी तपासतील, आणि खऱ्या ठरलेल्या वस्तूखाली कुणी आणली, कुठून आणली याचं कार्ड लागेल. ताईनं ते पत्रक तीनदा वाचलं. मग घडी घालून खडूच्या डबीत ठेवलं.

"ह्यांच्या नावाचं कार्ड," ती म्हणाली. "काचेत. परक्या माणसानं तपासून लावलेलं." आणि मग माझ्याकडं बघून, "बघते, मग कोण थापाडे म्हणतंय ते."

मी मान खाली घालून पट्टी कापत राहिलो. त्या क्षणी मी मनात ठरवलं, की या नाण्याची चौकट मी अशी करीन की बघत राहावं. तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी ताईनं नाणं माझ्या हातावर ठेवलं. "माप घे आणि बसव. बाकी काही करू नकोस," म्हणाली आणि बाजारात गेली.

बाकी काही करू नकोस! मला सांगतेय!

मी नाणं उजेडात धरलं. नाणं हिरवं होतं. अक्षरांच्या फटींत हिरवं, कडेला हिरवं. आणि माझ्या डोळ्यांसमोर डॉक्टरांच्या नाण्यांचं ते हिरव्या पाण्याचं भांडं आलं. हिरवं म्हणजे रंग, रंग म्हणजे खोटं, असं ताईच तर म्हणाली होती, मी माझ्या कानांनी ऐकलं होतं! उद्या त्या तज्ज्ञ बाईंनी हे हिरवं बघितलं की संपलं. ताईचं प्रेम आंधळं, तिला दिसत नसेल, पण मी भाऊ कशाला आहे? भाऊजींच्या बाबतीत एकदा चुकलो, आता भरपाई करायची संधी आलीय. अशी माझी अक्कल चालली.

पितळी चौकटी उजळायला माझ्याकडं एक द्रावण असतं. फडक्याला लावलं आणि घासायला बसलो. तीन तास घासलं. आगपेटीच्या काडीला चिंधी गुंडाळून एकेका अक्षराच्या भोवती फिरवली. सगळं हिरवं गेलं, त्याखालचं काळपट गेलं, आणि नाणं असं झळाळलं की माझं मलाच कौतुक वाटलं. भोकात मात्र चिंधी गुंडाळलेली काडी नीट फिरेना. म्हटलं, जाऊ दे, भोक ते भोक, भोकाला काय पुसायचं? नाणं मखमलीवर बसवलं, काच लावली, खोकं बांधलं आणि वरून चिठ्ठी चिकटवली, उघडू नये.

दुसऱ्या दिवशी ठेवणीतले कपडे घालून आम्ही दोघं संग्रहालयात गेलो. दालनात ताज्या रंगाचा वास, शिड्या उभ्या, आणि खिडकीपाशी टेबलावर तज्ज्ञ बाई, कपाळावर पट्ट्यानं बांधलेलं भिंग. आमच्या आधी होकायंत्रवाले एक म्हातारबाबा होते, ते पास झाले आणि लहान मुलासारखे हसत गेले. मग आमचा नंबर. मी खोकं सोडलं, चौकट काढली आणि मोठ्या ऐटीत टेबलावर ठेवली.

भिंगवाल्या बाईंनी भिंग डोळ्यावर ओढलंसुद्धा नाही. माणूस वाईट बातमी देताना जसा गोड बोलतो तशा गोड आवाजात म्हणाल्या, "छान आहे हं. पण हे नवीन आहे, आजी. अशी बाजारात खूप मिळतात."

मी ताईकडं बघितलं. ताई नाण्याकडं बघत होती. मग तिनं हळूच मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि मला सगळं कळलं. तीन तास मी काय घासत होतो ते कळलं. नऊशे वर्षं त्या नाण्यावर बसली होती, ती मी फडक्यानं पुसून टाकली होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. साठ वर्षांत ती मला ओरडली नाही असा हा एकच दिवस.

"मी... हिरवं होतं, म्हणून..." मी म्हणालो. "ताई, मला मार, पण अशी बघू नकोस."

"गप्प बस," ताई म्हणाली, आणि बाईंकडं वळली. "ह्यानं घासलंय ते. माझा भाऊ आहे. त्याला सोडा. तुम्ही नाणं काचेतून काढा आणि कड बघा."

बाईंनी भिंग ओढलं. कड बघितली. "घासल्याच्या रेषा आहेत. एका दिशेच्या."

"चौकोनी सळीवर ओवून कानशीनं घासलेल्या. ह्या माझ्या ओळखीच्या आहेत."

बाईंनी जरा चमकून ताईकडं बघितलं. "आजी, नकली नाणी पाडणारे हुशार लोक हेही करतात."

"करतात. आता माप घ्या."

बाईंनी माप घेतलं, वजन घेतलं, पुस्तकाशी ताडून बघितलं. बरोबर होतं. "पण तेवढ्यावर मला सही करता येणार नाही," त्या म्हणाल्या, आणि आता त्यांच्या आवाजातला तो गोडवा गेला होता, त्या खरंच विचारात पडल्या होत्या. "जुनेपणाची खूण वरच्या थरात असते. तो थरच राहिलेला नाही. मला वाईट वाटतं."

ताई खुर्चीवर बसली. मला वाटलं, संपलं. भाऊजी आता कायमचे थापाडे, आणि तेही माझ्यामुळंच, दुसऱ्यांदा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मी ते फडक्यानं पुसायला खिशात हात घातला. निघताना काच पुसायला खिशात कोंबलेलं, तेच फडकं.

ताईनं माझ्या हातातल्या फडक्याकडं बघितलं. बघतच राहिली. आणि मग तिच्या तोंडावर जे आलं ते मी लहानपणापासून ओळखतो. कचऱ्याचा ढीग माझ्या पायाशी आणून टाकायच्या आधी ती अशीच दिसायची.

"बाई," ती म्हणाली, "कोपरे बघा."

"कसले?"

"भोकाचे. चारी कोपरे. ह्यानं जन्मात कधी कोपरा पुसलेला नाही."

बाईंनी नाणं चिमट्यात धरलं, दिवा जवळ ओढला, आणि भिंग भोकाला लावलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग त्यांनी टाचणी घेऊन कोपऱ्यात टोकरलं. कढत पाणी मागवलं, साबण टाकला, नाणं बुडवलं, काढलं, पुन्हा टोकरलं.

"हिरवा थर," बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "दगडासारखा. सुटत नाही. आणि त्याच्याखाली लाल. दुसऱ्या कोपऱ्यातही. चौथ्यात तर भिंतभर आहे." त्यांनी भिंग कपाळावर सरकवलं आणि त्या हसल्या, यावेळी खऱ्या. "आधी हिरवं, खाली लाल, आणि दोन्ही धातूत मुरलेलं. हा थर कुणी महिन्या-दोन महिन्यांत बनवू शकत नाही. खरं आहे हो, आजी. सोंग काळातलंच."

ताईनं डोळे मिटले. नुसती मान हलवली.

"मात्र घासल्यामुळं रूप गेलं," बाई म्हणाल्या. "आणि किमतीचं म्हणाल तर अपेक्षा ठेवू नका. ही नाणी त्या काळी अमाप पाडली गेली. चांगल्या स्थितीतलंसुद्धा एका बुटांच्या जोडाइतक्या किमतीचं."

"बरोबर आहे," ताई डोळे उघडून म्हणाली. "ह्यांनी बूटच दिले होते."

आणि ती हसायला लागली. बाईंना काही कळेना, म्हणून ताईनं त्यांना धक्क्यावरच्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली, आणि सांगता सांगता ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि बाईंनी ती गोष्ट शब्दन् शब्द लिहून घेतली. मांजरांची गोष्टसुद्धा सांगितली. बाई म्हणाल्या, ती कार्डावर बसणार नाही. ताई म्हणाली, "नको. ती थाप होती."

परतताना ताई दुकानाच्या पायरीपाशी थांबून एवढंच म्हणाली, "तू कामसू असतास ना, तर आज माझं वाटोळं झालं असतं." आमच्या हीनं ते वरून ऐकलं आणि आठवडाभर येईल त्याला सांगितलं.

दालन उघडायचं होतं महिन्याभरानं. चौकट नव्यानं करायची होती, कारण बाईंना भोकाच्या आतला थर लोकांना दिसायला हवा होता, म्हणून मागं-पुढं दोन्हीकडं काच. मी ती पाच दिवस करत होतो. काय काय केलं ते सांगत नाही. काडीला चिंधी गुंडाळली होती एवढं सांगतो, आणि यावेळी नाण्याला बोटसुद्धा लावलं नाही.

दालन उघडलं त्या दिवशी गर्दी होती. दातांचे डॉक्टर आले होते, होकायंत्रवाले म्हातारबाबा आपल्या होकायंत्रापाशी पहारा दिल्यासारखे उभे. नाणं चौकटीसकट खिडकीजवळच्या उघड्या फळीवर होतं. खाली कार्ड. भाऊजींचं पूर्ण नाव, त्याखाली, आचारी, मालवाहू बोट. शिडं शिवणाऱ्या एका वृद्धाला बूट दिल्याबद्दल मिळालेली भेट. अस्सल. आणि अगदी खाली बारीक अक्षरात, प्रथम तपासणी, नळ कारखान्याच्या निवृत्त तपासनीस. ते बाईंनी आम्हाला न विचारता घातलं होतं.

आमच्या गल्लीतले दोघं-तिघं वाचत होते. एक जण म्हणाला, "म्हणजे खरंच बोलत होता की हा!" मी त्यांच्यामागून पुढं गेलो, काचेसमोर उभा राहिलो. माणसं होती आजूबाजूला, असू देत. "भाऊजी," मी म्हणालो, मोठ्यानं, "चुकलो हो. थापाड्या मीच."

ताई शेजारी येऊन उभी राहिली. नाण्याकडं तिनं एकदाच बघितलं, ते तिला पाठ होतं. मग तिनं पर्स उघडली, चष्म्याची डबी काढली, आणि त्यातून लाल खडू. डाव्या हाताचं बोट तिनं जिभेला लावलं आणि माझ्या चौकटीच्या पहिल्या कोपऱ्यात फिरवलं. बोट बघितलं. दुसऱ्या कोपऱ्यात. तिसऱ्या. चौथ्यात जरा जास्तच वेळ.

मग बोट माझ्या शर्टाला पुसलं, खडू डबीत ठेवला, डबी पर्समध्ये, आणि म्हणाली, "चल, तिकडं चहा आहे."